लिव्हर फोर एचला, पण पुढची चाकं ओढत नाहीत? बर्फात जायच्या आधी गोव्यातच हे बघून घ्या

फोर-बाय-फोर गाडीत टू एच म्हणजे फक्त मागची चाकं ओढतात, फोर एच म्हणजे चारही, आणि फोर एल म्हणजे चारही, पण कमी वेगात जास्त जोराने. आधी लक्षणं सांगतो, तुमचं कुठलं ते बघा.

१. लिव्हर फोर एचला ओढला किंवा नॉब फिरवला, मीटरमधला फोर-बाय-फोरचा दिवा नुसता मिचमिचतो, स्थिर होतच नाही, आणि गाडी बर्फात मागच्या चाकांवर जागच्या जागी फिरते.
२. दिवा व्यवस्थित लागतो, पण पुढची चाकं ढिम्म.
३. लिव्हर जागचा हलत नाही, किंवा टाकताना करकर आवाज येतो.
४. फोर एच पडला पण आता परत टू एचला येईना. वळताना स्टिअरिंग जड, कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी गाडी अडते, टायर टुकटुक उड्या मारतात.
५. चारही चाकं ओढतायत, सगळं ठीक आहे, तरी उतारावर गाडी घसरते.

पाचवं लक्षण म्हणजे बिघाड नव्हे, त्याचं शेवटी बोलू. पहिली चार मी इतक्या वेळा बघितलीत की आता फोनवर आवाज ऐकूनच अंदाज येतो. मी डिचोलीचा, गॅरेजवाला नाही, पण आमच्या ओळखीतल्या चार-पाच गाड्या दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत मनालीकडे निघतात आणि निघायच्या आधी माझ्या अंगणात येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल टनेल सुरू झाला, तो ९.०२ किलोमीटरचा बोगदा ओलांडला की थेट लाहौल, त्यामुळे पूर्वी सोलंगला बर्फ बघून परत फिरणारे लोक आता सिस्सूपर्यंत जातात, आणि ताजा बर्फ पडला की तिथले पोलीस फोर-बाय-फोर किंवा टायरला चेन लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. म्हणजे गोव्याहून सव्वादोन-अडीच हजार किलोमीटर गाडी हाणत जायचं आणि तो लिव्हर खऱ्या अर्थाने पहिल्यांदा ओढायचा तो दहा हजार फुटांवर, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना.

साखळी गावच्या एका मित्राचा असाच फोन आला होता. "अरे, लिव्हर टाकलाय, लाइट नुसती ब्लिंक करतेय, काय करू?" गाडी तीन वर्षांची, कुठे ओरखडा नाही. तो चेन लावून कसाबसा परत आला. इथे बोनेट उघडलं तर पुढची चाकं जोडणाऱ्या व्हॅक्यूमचा (हवा ओढून चालणाऱ्या यंत्रणेचा) रबरी पाइप उंदराने कुरतडलेला. पाइपचा वीतभर तुकडा बदलायचं काम, आणि त्यासाठी त्याची पूर्ण ट्रिप गेली. मला अजून वाईट वाटतं, कारण त्याच्या अंगणात पाच मिनिटांत सापडलं असतं ते.

हे गोव्यातच जास्त का होतं तर आपली हवा खारट, चार महिने धो धो पाऊस, खालून तांबडी माती, आणि लिव्हरला वर्षभर कोणी हात लावत नाही. लिंकेज (लिव्हरपासून खाली जाणारे दांडे-सांधे) गंजतं, छोट्या मोटरच्या कनेक्टरला हिरवं लागतं, रबर तडकतं. पुढच्या एक्सलमधलं तेल तर वापरल्याशिवाय वर चढतच नाही. टोयोटाच्या काही मॅन्युअलमध्ये महिन्याला निदान १६ किलोमीटर फोर-व्हील ड्राइव्हमध्ये चालवा असं छापलेलं असतं ते याचसाठी, आतले भाग तेलात भिजावेत म्हणून.

खाली लिहिलंय ते थार, जिमनी, जिप्सी असल्या पार्ट-टाइम फोर-बाय-फोरबद्दल आहे, ज्यात आपण स्वतः टू एच, फोर एच, फोर एल निवडतो. आपोआप चालणाऱ्या ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांना लिव्हरच नसतो, त्यांचं टायरचं आणि ब्रेकचं तेवढं लागू, बाकी थेट सर्व्हिस सेंटर.

आधी फुकटातलं: टाकायची पद्धत

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. फोर एच टाकताना चाकं सरळ हवीत, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला हवा, आणि मागची चाकं जागच्या जागी भिरभिरत असताना तर अजिबात टाकायचा नाही. गाडी अडकली, मागची चाकं भिरभिरतायत, आणि त्याच क्षणी लिव्हर ओढला तर पुढचा शाफ्ट (पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) थांबलेला आणि मागचा गरगरतोय, मग दात जुळणार कसे? ती करकर तिथूनच येते. किती स्पीडपर्यंत चालत्या गाडीत टाकता येतो ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं, मॅन्युअलमध्ये बघा. फोर एलसाठी मात्र गाडी पूर्ण थांबवायची, क्लच दाबायचा किंवा ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रल. लिव्हर अर्धवट वाटला तर जोर लावू नका, गाडी एक-दोन फूट पुढेमागे करा, दात जुळले की आपोआप पडतो. दिवा स्थिर व्हायलाही कधी कधी थोडं अंतर जावं लागतं, विशेषतः थंडीत, तेल घट्ट असतं तेव्हा.

जुनी जिप्सी असेल तर पुढच्या चाकांवरचे हब (चाक एक्सलला जोडणारे मधले भाग) हाताने फिरवून लॉक केलेत का ते बघा. आत लिव्हर टाकला आणि बाहेर हब फ्री, मग चाक कसं ओढणार? आणि दोन्ही बाजूंचे हवेत, एक विसरला तरी डिफरन्शिअल (दोन चाकांत ताकद वाटणारी गिअरची पेटी) सगळी ताकद त्या मोकळ्या बाजूलाच फिरवत बसतो.

खरंच पडलाय का ते कसं ओळखायचं

मोकळी खडीची किंवा मातीची जागा शोधा, डांबर नको. आमच्याकडे खाणींच्या बाजूला असल्या जागा पुष्कळ, कोणाची खाजगी असेल तर विचारून जा. आणि किनाऱ्यावर टेस्ट करायला जाऊ नका, गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणं बेकायदेशीर आहे, शिवाय भरतीच्या वेळी रुतली तर गाडी गेलीच समजा.

त्या जागेत फोर एच टाकून चालायच्या वेगाने स्टिअरिंग पूर्ण वळवून अर्धा गोल मारा. गाडी थोडी अडखळली, स्टिअरिंग मागे ढकलल्यासारखं वाटलं, टायरखालची खडी खरवडल्याचा आवाज आला तर पुढची चाकं जोडली गेलीत. टू एचमध्ये जशी वळते तशीच सुळकन वळली तर नाही जोडली, दिवा काहीही सांगो. दिवा फक्त स्विचने काय बघितलं ते सांगतो.

मग दुसऱ्या माणसाला बाजूला, लांब उभं करा आणि गाडी हळूच सरळ न्या. त्याने वाकून पुढचा प्रॉपेलर शाफ्ट फिरतोय का ते बघायचं, पण गाडीखाली डोकं घालायचं नाही. टू एच आणि फोर एच, दोन्हीत बघायचं. फोर एचमध्येसुद्धा शाफ्ट फिरतच नसेल तर दोष ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) किंवा त्याच्या लिंकेजकडे. शाफ्ट फिरतोय पण चाक ओढत नाही, तर दोष पुढे, हबमध्ये किंवा एक्सल जोडणाऱ्या यंत्रणेत. एवढं जरी मेकॅनिकला सांगितलंत तरी त्याचा अर्धा दिवस वाचतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. एक चाक जॅकवर उचलून फोर-बाय-फोरमध्ये इंजिन चालू करून टेस्ट करायची नाही, कधीच नाही. खालची चाकं जोडलेली असली तर गाडी जॅकवरून उडी मारते. व्हिडिओत दाखवतात म्हणून करू नका.

टायर

लक्षण क्रमांक चारचं कारण बहुतेक वेळा टायरमध्ये नाहीतर रस्त्यात असतं. पार्ट-टाइम गाडीत फोर एच म्हणजे पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले, मधे डिफरन्शिअल नाही. वळताना पुढची चाकं मोठा गोल मारतात, मागची छोटा, म्हणजे पुढच्यांना जास्त फिरायला हवं, पण बांधलेले असल्यामुळे फिरता येत नाही. चिखलात, वाळूत, बर्फात टायर जरासा घसरून तो फरक काढून टाकतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग तो पीळ शाफ्टमध्ये, गिअरमध्ये साठत जातो, दोरीला पीळ भरावा तसा, आणि शेवटी दात एकमेकांवर इतके दाबले जातात की लिव्हर बाहेरच येत नाही.

मनालीच्या रस्त्यावर हे हमखास होतं कारण तिथे सलग बर्फ नसतो, शंभर मीटर बर्फ मग अर्धा किलोमीटर कोरडं डांबर मग परत सावलीत बर्फ, आणि आपला माणूस सकाळी टाकलेला फोर एच संध्याकाळपर्यंत काढत नाही. काढा हो. कोरडा पट्टा आला की टू एच. बोगद्यातला रस्ता कोरडा असला तर तिथेसुद्धा टू एच.

अडकलाच तर रस्ता बघून गाडी सरळ रिव्हर्समध्ये आठ-दहा मीटर हळू न्या, पीळ उलटा सुटतो, लिव्हर सैल पडतो. जमलं तर एका बाजूची चाकं रस्त्याकडेच्या मातीवर किंवा बर्फावर घ्या. लिव्हरला हातोडी, पाइप, लाथ, काहीही लावू नका.

आणि हो, चारही टायर एकाच साइझचे, एकाच बनावटीचे, साधारण सारखे झिजलेले हवेत. पुढे दोन नवे मागे दोन गुळगुळीत असं केलं तर सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ भरतो कारण झिजलेला टायर घेराने लहान. पंक्चर झाल्यावर नवीकोरी स्टेपनी लावून फोर एचमध्ये पन्नास किलोमीटर जाणारेही बघितलेत मी.

हवेचं गणित गमतीशीर आहे, बऱ्याच जणांना उलटंच माहीत असतं. पणजीत ३० डिग्रीला ३३ पीएसआय भरली तर उणे ५ डिग्रीला नुसत्या थंडीने साधारण साडेपाच पीएसआय कमी होते. पण सिस्सू ३१०० मीटरच्या आसपास, तिथे बाहेरची हवाच विरळ, त्यामुळे गेज साधारण साडेचारने वर दाखवतो, म्हणजे दोन्ही मिळून जवळपास फिटंफाट. गोंधळ होतो तो चंदीगडच्या बाजूला, पहाटे थंडी आहे पण उंची नाही, गेज २९ दाखवतो, पंपवाला भरून देतो, आणि वर पोचेपर्यंत टायर टणक. म्हणून शेवटचं माप मनालीत सकाळी, गाडी हलवायच्या आधी, आणि चारही चाकांचं. दोनशे-तीनशे रुपयांचा गेज डॅशबोर्डमध्ये ठेवाच.

फ्यूज, बॅटरी, कनेक्टर

इलेक्ट्रिक नॉबवाली गाडी असेल किंवा पुढचा एक्सल मोटरने जोडला जात असेल तर आधी फ्यूज, मग बॅटरीचे टर्मिनल. दिवा मिचमिचतोय म्हणजे मोटरने हुकूम ऐकला पण काम पूर्ण झाल्याचं कळवलं नाही. इग्निशन ऑन करून शांतपणे ऐका, लिव्हर टाकल्यावर खालून बारीक घर्र आवाज येतो का? काहीच नाही तर करंट पोचत नाही. कनेक्टर काढून हिरवट गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून सुकवून परत बसवा. आमच्याकडे पावसानंतर दहातल्या तीन-चार गाड्यांत एवढंच निघतं.

व्हॅक्यूमचे पाइप

काही गाड्यांत पुढचे हब व्हॅक्यूमवर जोडले जातात. इंजिनपासून चाकापर्यंत बारीक रबरी पाइप जातात, हाताने चाचपत शेवटपर्यंत जा. तडा, कुरतडलेलं, निसटलेलं टोक, मातीने बुजलेलं, जे काय ते डोळ्यांना दिसतं. पावसाळ्यात उंदीर बोनेटच्या उबेला येऊन बसतात, भात कापणीच्या दिवसांत तर जास्तच. पाइप स्वस्त असतो, पण घरातली कुठलीही नळी लावू नका, व्हॅक्यूमने ती चपटी होते.

लिंकेज

लिव्हर जड असेल तर खालून सांधे साफ करून, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी ग्रीस. मग इंजिन चालू, गाडी थांबलेली, पाय ब्रेकवर, दहा-बारा वेळा टू एच, फोर एच, मॅन्युअल सांगेल तसा फोर एल. पहिल्या दोन-तीन वेळा रडतं मग मोकळं होतं. नंतर महिन्यातून एकदा खडीवर थोडं चालवत जा, माझ्या मते निम्मे आजार त्यानेच टळतात.

तेल आणि ब्रीदर

हे सगळ्यात दुर्लक्षित. कुळ्याहून दूधसागरकडे जाणाऱ्या जीपगाड्या ओढ्यांतून जातात तशी आपल्यातले पुष्कळ जण पावसाळ्यात आपापली गाडी पाण्यात घालतात. डिफरन्शिअल चालून गरम झालेला असतो, थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढू बघते. ब्रीदर पाइप (आतल्या हवेला ये-जा करू देणारी नळी) मोकळा असेल तर वरून हवा घेतो. ब्रीदर तांबड्या मातीने बुजला असेल तर सीलच्या (तेल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) कडेने पाणी घेतो. बाहेरून काही कळत नाही. सहा महिने ते पाणी तेलात मिसळून बेअरिंग खात राहतं, आणि उणे तापमानात तर गोठतंसुद्धा.

बघायचं सोपं आहे, गाडी सपाट जागी, इंजिन बंद आणि थंड, आधी वरचा फिलर प्लग, म्हणजे तेल भरायचं बूच, सुटतो का ते बघायचं, (तो सुटला नाही तर खालचा उघडायचाच नाही, सगळं तेल गेल्यावर भरणार कुठून?) मग बोट घालून तेल बघायचं. मधासारखं असेल तर ठीक. दुधाळ, चहासारखं दिसलं म्हणजे पाणी. पुढचा डिफ, मागचा डिफ आणि ट्रान्सफर केस तिन्ही बघा. बदलताना मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं तेल, दुकानदार म्हणतो चालतं म्हणून नको. ब्रीदर काढून फुंकून बघा, हवा जायला हवी. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा असला तर नेहमीचं आहे. चकाकते कण किंवा दाताचा तुकडा दिसला तर पुढे काही करू नका.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

वरचं सगळं करून पुढची चाकं ओढत नसतील तर आता अ‍ॅक्चुएटर, म्हणजे एक्सल जोडणारी मोटर आतून जाम, शिफ्ट फोर्क (गिअर सरकवणारा काटा), हब, नाहीतर ट्रान्सफर केसची चेन असं काहीतरी असतं. हे अंगणातलं काम नाही. ट्रान्सफर केस उघडायला जागा, हत्यारं आणि मापं लागतात, चुकीच्या शिमने (फट भरायच्या चकतीने) बसवला तर हजारांचं काम लाखात जातं. फोर-बाय-फोर उघडलेला मेकॅनिक शोधा, साधा फिटर कितीही प्रामाणिक असला तरी हे त्याने रोज केलेलं नसतं.

लोडवर खडखड आवाज, जळका वास, डिफच्या खाली तेल गळतंय, रिव्हर्स घेऊनही लिव्हर सुटत नाही, यातलं काहीही झालं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड मागवा, दोन चाकं उचलून ओढली आणि फोर एच आत अडकलेला असला तर उरलेली दोन चाकं आतलं सगळं फिरवत राहतात.

आणि डोंगरात दिवा मिचमिचायला लागला तर वर जाऊ नका. चढताना दोन चाकांवर निभावेल कदाचित, उतरताना नाही. बर्फावर उभ्या गाडीखाली शिरून तर काही म्हणजे काही बघायचं नाही, हॅन्डब्रेक धरत असला तरी खालचा बर्फ सरकतो. मनालीतले जीपवाले हेच रोज करतात, त्यांना पैसे द्या आणि त्यांच्या गाडीतून जा.

एक फसवं लक्षण राहिलं. सकाळी गाडी सुरू केली, मागची चाकं हलत नाहीत, लोकांना वाटतं फोर-बाय-फोर जाम झालं. तो बहुतेक वेळा रात्री ओला असताना ओढलेला हॅन्डब्रेक गोठलेला असतो. तिथे रात्री गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हॅन्डब्रेक सोडा. आणि उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये नुसतं पाणी टॉपअप केलं असेल तर निघायच्या आधी कूलंट बदला, निम्मं-निम्मं मिश्रण साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही, साधं पाणी शून्याला गोठतं आणि इंजिन फोडतं.

आता पाचवं, चालतंय तरी घसरतंय

फोर-बाय-फोर गाडी पुढे ढकलायला मदत करतं. थांबवायला करत नाही. ब्रेक तर टू एचमध्येही चारही चाकांना लागतातच, त्यामुळे बर्फावर थांबायचं अंतर टायर आणि बर्फ ठरवतो, लिव्हर नाही. धोका असा की चारही चाकं ओढत असली की चढताना गाडी इतकी छान जाते की खाली किती निसरडं आहे ते कळतच नाही, आणि ते कळतं पहिल्या ब्रेकला.

आपण चोर्ला घाटात पावसात जी सवय लावून घेतो, वळणाच्या तोंडाशी ब्रेक दाबायची, ती तिथे चालत नाही. उताराला फोर एल, पहिला किंवा दुसरा गिअर, पाय शक्यतो ब्रेकवरून बाजूला, इंजिनलाच गाडी धरू द्या. उतारावर इंजिन ब्रेकिंग चारही चाकांत वाटलं जातं हा फोर-बाय-फोरचा खरा फायदा. चाकं सरकायला लागली तर क्लच दाबू नका, अगदी हलका अ‍ॅक्सिलरेटर द्या म्हणजे चाक परत फिरायला लागतं. समोरच्या गाडीपासून नेहमीच्या कितीतरी पट अंतर ठेवा. आणि सावलीतल्या वळणावर रस्ता नुसता ओला, काळा, चकचकीत दिसला तर तो पाणी नाही, बर्फाचा पातळ थर आहे असंच धरून चाला.

मड टायर चिखलात उत्तम, पण घट्ट बर्फावर त्यांचे मोठे कडक ठोकळे धरत नाहीत, थंडीत रबर आणखी कडक होतं. ऑल-टेरेन बरे. खऱ्या बर्फाच्या टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चिन्ह असतं. ते टायर गोव्यात वर्षभर वापरायला अर्थ नाही, म्हणून आपल्यासाठी चेनच. फोर-बाय-फोर आहे म्हणून चेन घरी ठेवू नका. कुठल्या चाकांना लावायची ते मॅन्युअलमध्ये असतं, आणि निघायच्या आधी अंगणात दोनदा लावून काढून बघा, हातमोजे घालून. वर बोटं बधिर झाल्यावर ती कडी पहिल्यांदा शोधायची म्हणजे अर्धा तास जातो. चेन लावल्यावर स्पीड अगदी कमी, आणि कोरडं डांबर आलं की लगेच काढायची.

आमच्यात ठरलेलं आहे, चवथ झाली आणि पाऊस ओसरला की पहिल्या रविवारी खडीवर अर्धा गोल मारायचा. तेव्हा काही निघालं तर पार्ट मागवायला दोन-अडीच महिने हातात असतात.